बिस्किटाचा पुडा

काल कंधारच्या पोलीस ठाण्यात गेले, तर आवारात एक जप्त केलेला ट्रक उभा होता. डिझेलचा वास नाकात गेला आणि दिवाळीनंतरची ती सकाळ आठवली.

आईबाप ऊसतोडीला निघाले होते. मला भाकरी थापायला सोबत नेणार, चार वर्षांच्या किशनला चुलतीकडं ठेवणार. लेकरू मागं लागू नये म्हणून आमच्या गावात सगळे तेच करतात. त्याला दुकानात धाडतात आणि तेवढ्यात गाडी काढतात. आईनं त्याला बिस्किटाला पाठवलं. ट्रक वळणावर आला, तेव्हा तो पुडा उंच धरून हसत दुकानातून निघाला होता. मी ओरडणार, तोच आईनं माझ्या तोंडावर हात दाबला. तेव्हा मला वाटलं, बरं झालं, रडला नाही.

तोच किशन आता मोटारसायकलच्या चोरीत दुसऱ्यांदा सापडलाय. सगळं त्या सकाळीमुळंच झालं, असं मी म्हणत नाही. पण तेव्हापासून त्यानं कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवला नाही.

"बस, चहा आणते," मी ठाण्यात त्याला म्हणाले.

त्यानं माझी बाही धरली. "जायचं आसंल तर सांगून जा, आक्का."