सात पिढ्या आणि आत्या

अकोल्यात, जठारपेठेत आमच्या समाजाचं वारसा संग्रहालय उघडलं, त्या दिवशी मी आत्याला पाच मिनिटं भलत्याच घराण्याची वंशावळ आपली म्हणून दाखवत होतो. शेवटी तीच म्हणाली, "बाबू, हे आपले लोकं नाई. आपल्यात एवढे वकील कुठी झाले?" मागचे हसले. मीही हसलो. वंशावळीचा जाणकार म्हणून अमरावतीहून मला खास बोलावलं होतं ना!

आमची वंशावळ शेजारच्याच चौकटीत होती. तिच्यातल्या साती पिढ्या आत्यानं तोंडपाठ सांगितलेल्या. मी फक्त संग्रहालयाचा फॉर्म भरला. अकोटला दिलेली ही आत्या वर्षभरात विधवा होऊन माहेरी आली ती कायमचीच. मला तिनंच वाढवलं.

काचेवर बोट ठेवून ती मूळपुरुषापासून खाली उतरत आली. माझे वडील आले, शेजारी काका आले. वडिलांच्या खाली माझं नाव होतं; काकांच्या पुढं कोरा कागद.

"माह्यं कुठी हाये रे?"

टेबलावरची स्वयंसेविका मदतीला धावली. "आजी, लेकींची नावं सासरच्या वंशावळीत असतात."

मग अकोटवाल्यांची शोधली. आत्याच्या नवऱ्याचं नाव सापडलं. त्यापुढे एकच शब्द होता, 'निर्वंश'. बायकांचा तिथंही पत्ता नव्हता.

"फॉर्ममध्ये रकानाच नव्हता, आत्या," मी म्हणालो. खोटं नव्हतं ते. पण खाली 'इतर माहिती'साठी चार ओळी मोकळ्या होत्या, आणि तिथं मी 'संकलक' म्हणून पदवीसकट स्वतःचं नाव टाकलं होतं. वंशावळीखाली तेही छापलेलं होतं; आत्याला ते दिसलं.

"तुह्यं दोनदा हाये," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच वाईट.

तेवढ्यात मंचावर माझ्या नावाचा पुकारा झाला. शाल नको म्हणायचं मला सुचलं नाही; उलट फोटोत नीट यावी म्हणून मी ती खांद्यावर सारखी केली.

परतीच्या बसमध्ये आत्याचा डोळा लागला, तेव्हा मी सोबत आलेल्या बायकोला हळूच म्हणालो, "चूक झाली. नाव घालायला लावतो."

"चूक?" बायको म्हणाली. "तुमी लिहून राहिले होते तवा मी तिथंच भाजी निवडत होती. काकाजीचं नाव झालं, तशा आत्याबाई सावरून बसल्या, पदर नीट केला. वाटलं असन, आता बाबू मले इचारन. तुमी पेनाले टोपण लावलं अन् म्हनलं, 'झाले सारे.'"