शिडवाले शेजारी

आमच्या कोथरूडच्या सोसायटीतले हे शेजारी खराडीच्या ऑफिसात बसून प्रवासी फेरीबोटींसाठी शिडं आखतात. इंजिनाला वाऱ्याची जोड दिली की डिझेल कमी लागतं, हे त्यांनी मला लिफ्टमध्ये इतक्यांदा समजावलंय, की हल्ली मी जिन्यानेच जातो. गच्चीवर वाळत घातलेल्या माझ्या चादरीसुद्धा ते तिरक्या करून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, "अहो, एवढा वारा वाया चालला होता!"

परवा त्यांच्या गाडीतून आम्ही दोघं कोकणात निघालो. खाडीवर फेरीबोट उभीच होती. गाडीसकट दहा मिनिटांत पलीकडे. म्हटलं, चला, आज हे आपल्या विषयाला प्रत्यक्ष भेटणार. त्यांनी बोटीकडे पाहिलं, कपाळावरचा घाम पुसला आणि गाडी मागे वळवली.

"मला बोट लागते," एवढंच म्हणाले.

खाडीला वळसा घालता घालता दुपार टळली आणि टाकीही रिकामी झाली. पेट्रोल पंपावर उतरून त्यांनी रुमाल हवेत धरला. तो फडफडल्यावर चेहरा खुलला.

"काय वारा आहे! आज त्या फेरीला निम्मंच डिझेल लागलं असतं."

"आणि आपल्याला?" मी विचारलं.

माझ्याकडे न बघता ते पंपवाल्याला म्हणाले, "फुल करा."