ढाब्यांना फोन लावणाऱ्या वहिनी

काष्टीच्या बाहेर, दौंड रस्त्यावर, एका वहिनींचा एसटीडी बूथ होता. मी गावातल्या शाळेत शिक्षक होतो आणि भावाला फोन करायला तिथे नेहमी जायचो. एखादा ट्रक ड्रायव्हर थांबला, की वहिनी आपणहून पुढच्या ढाब्यांना फोन लावायच्या आणि त्याच्या गाडीसाठी जागा विचारायच्या. बोलताना पदर सावरून उभ्या राहायच्या, फोनवरचा माणूस बघतच असल्यासारख्या. "पटांगनात जागा हाय का? रस्त्याच्या कडंची नगं सांगू."

एका दुपारी मी बूथवर असतानाच पुढे पुलावर टँकर उलटला आणि सगळे ढाबे भरून गेले. तापाने फणफणलेला एक ड्रायव्हर बूथवर आला. वहिनींनी एकामागून एक फोन लावले, पण सगळीकडून नकारच आला.

"राहू द्या ताई, इथंच कडेला लावतो," तो म्हणाला.

"वळनावर? मागून येनाऱ्याला दिसायची न्हाई गाडी."

वहिनी उठून तडक घरामागच्या खळ्यावर गेल्या. तिथे ताडपत्रीवर त्यांची ज्वारी वाळत होती. "गुरुजी, धरा ते टोक," त्या मला म्हणाल्या. आम्ही ताडपत्री ओढत भिंतीशी नेली. बरीच ज्वारी मातीत सांडली.

"वहिनी, ज्वारी सांडली."

"वेचू की."

ट्रक आत आला. इंजिन बंद करून ड्रायव्हर सीटवरच आडवा झाला. तेवढ्यात रस्त्यावर दुसऱ्या ट्रकचा हॉर्न वाजला. वहिनींनी खळ्यावर नजर फिरवली.

"म्हैस चिंचंखाली बांधली, तर आनखी एक बसंल," त्या म्हणाल्या, आणि दावं सोडायला गेल्यासुद्धा.