किसनरावांच्या पुस्तिकेचं शुद्धलेखन

आधीच सांगतो, असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कुणाला काही "दिसलं" की मी त्याला चहा पाजून गप्प करायचो. आजही विश्वास आहे असं म्हणणार नाही... घडलं तेवढंच लिहितो.

गेवराईत माझं टायपिंग आणि छपाईचं दुकान आहे. लग्नपत्रिका, निमंत्रणं, वर्षश्राद्धाच्या पुस्तिका. माझं ऱ्हस्व-दीर्घ शाळेपासून कच्चं, म्हणून प्रत्येक मजकूर एआयकडून तपासून घेतो. सूचना ठरलेली — फक्त शुद्धलेखन सुधार, मजकूर बदलू नकोस. तसा त्याने कधी बदललाही नव्हता.

त्या दुपारी तलवाड्याकडचे दत्ताभाऊ आले. मोठे बागायतदार, गावात शब्दाला वजन. सोबत त्यांची विधवा भावजय, शोभाताई. तिचे मालक किसनराव वर्षापूर्वी विहिरीत बुडून गेले होते, त्यांचीच पुस्तिका छापायची होती. मजकूर दत्ताभाऊंनी स्वतः लिहून आणलेला. त्यात होतं — 'पाण्याची मोटार काढताना पाय घसरून किसन विहीरीत पडला.' मी टाइप केलं, एआयला दिलं, आलेलं उत्तर स्क्रीनवरच्या पानात घेतलं आणि नेहमीसारखं मोठ्याने वाचायला लागलो. टायपिंगवाल्याचं वाचन म्हणजे डोळे अक्षरांवर, मन भलतीकडे. जन्म, शिक्षण, शेतीची आवड... वाचत गेलो.

"...विहिरीच्या पायऱ्यांवर वाकला असताना मागून त्याच्या डोक्यात लोखंडी पाना घातला. तो पाण्यातून तीनदा वर आला. पायरीला हात घातला, की बोटांवर पाना मारला..."

"दोनदा," दत्ताभाऊ म्हणाले. "तीनदा न्हाई. दोनदाच आलता वर."

नावातली वेलांटी चुकल्यावर गिऱ्हाईक सांगतं ना, तसं. इतकं सहज.

मग मला कळलं मी काय वाचलं ते. मी थांबलो. शोभाताईच्या हातातले फोटो खाली पडले.

"तुमी तर त्या दिशी बीडला गेलते म्हनला," ती म्हणाली. "तुमाला कसं ठावं?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझी कॉलर धरली. "कुनी सांगितलं बे तुला? कावून लिहिलं हे?" माझं डोकं काउंटरच्या काचेवर आपटलं. एकदा, परत एकदा. दुसऱ्यांदा काच फुटली आणि डोळ्यांत रक्त उतरलं. त्यांनी कॉम्प्युटर उचलून फरशीवर आदळला, वरून लाथा घातल्या. शोभाताई ओरडत मधे पडली, तर तिचे केस धरून तिला फरफटत दाराकडे ओढलं. तिच्या हाताला पुस्तिका शिवायचा लोखंडी स्टेपलर लागला. तो तिने त्यांच्या तोंडावर मारला. मारतच राहिली. शेजारच्या मोबाईलवाल्याने आणि आणखी दोघांनी दत्ताभाऊंना खाली पाडून वर बसून धरलं. दात पडलेल्या तोंडाने ते तेवढंच म्हणत होते — "दोनदाच... दोनदाच..."

माझ्या कपाळाला नऊ टाके पडले. पोलिसांनी विहीर उपसली, गाळात पाना सापडला. किसनरावांची बोटं मोडलेली होती हे तेव्हाच्या डॉक्टरांच्या कागदात होतं, पण पायऱ्यांवर आपटून मोडली असतील असं सगळ्यांनी धरलेलं. केस चालू आहे. दत्ताभाऊ आत आहेत.

आता खरी गोष्ट. ठाण्यात साहेबांसमोर मी मोबाईलवर ते चॅट उघडलं. माझा मजकूर होता. खाली उत्तर — 'विहीरीत'चं 'विहिरीत', 'आशिर्वाद'चं 'आशीर्वाद'. बस. पाना नाही, बोटं नाहीत. साहेबांनी दोनदा वाचलं आणि मोबाईल माझ्याकडे परत सरकवला. मला वाटलं, मीच मनचं वाचलं की काय? पण पान्याचं मला कुठून माहीत असणार? मी किसनरावांना कधी पाहिलंही नव्हतं.

शोभाताई आता आष्टीला भावाकडे असते. मागच्या महिन्यात तिचा फोन आला. केसबद्दल बोलली, माझ्या टाक्यांची चौकशी केली. मग म्हणाली, "भाऊ, एक इचारू? त्यात म्होरं आजून काई लिवलं व्हतं का? माज्यासाटी?"

त्या पानावर खाली आणखी चार-पाच ओळी होत्या. मला दिसत होत्या... पण मी तिथपर्यंत पोचलोच नाही.

तसंच सांगितलं तिला.