धोटेभाऊंची कॉफी मशीन

एखादी वस्तू नीट चालली, तर तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही उरत नाही. बिघडणारीचे किस्से मात्र साठत जातात. आमच्या धोटेभाऊंची मशीन या बाबतीत फार गुणी निघाली!

वहिनी गेल्यापासून धोटेभाऊ रायपूरच्या घरात एकटेच. मुलगी मृणाल बंगळूरला. तिनं घरी कॉफी करायची एस्प्रेसो मशीन पाठवली आणि फोनवर म्हणाली, "बाबा, ही असली की लोक येतील कॉफी प्यायला." लोक म्हणजे आम्ही तीन रिटायर्ड माणसं. रेल्वेत फिटर होतो तो मी, वीज खात्यातले गजूभाऊ आणि शेजारचे साहूजी. तिघंही पक्के चहावाले!

पहिल्या रविवारी मशीननं बराच वेळ घुर्र घुर्र करून इवल्याशा कपात दोन घोट काळं पाणी दिलं. साहूजींनी ते एका दमात संपवलं आणि कप पुढे केला.

"भैया, चखना हो गया. अब कॉफी दे दो!"

*

दुसऱ्या रविवारी गजूभाऊ म्हणाले, "मशीनले काय समजते, चहा आहे का कॉफी?" आणि त्यांनी कॉफीच्या गाळणीत चहापत्ती अंगठ्यानं दाबून भरली.

पत्ती फुगली. पाण्याला वाट मिळेना. पंप कण्हायला लागला आणि गाळणीच्या कडेनं जी पिचकारी उडाली, ती थेट गजूभाऊंच्या इस्त्रीच्या शर्टावर!

"समजते गड्या," शर्ट झटकत ते म्हणाले, "मशीनले सगळं समजते!"

मी मशीन उघडून नळ्या धुतल्या. तेवढ्यात धोटेभाऊंनी पोहे केले, पातेल्यात चहा उकळला. पुढे तो रिवाजच पडला. दुरुस्ती म्हटली की चहा-पोहे आलेच. मशीन जोडून होईपर्यंत दुपार व्हायची, आणि रविवारी तरी त्या घरात माणसांचा आवाज आहे, याचं मला बरं वाटायचं.

*

आमच्याकडचं बोअरचं पाणी म्हणजे अर्धी चुनखडीच. दोन महिन्यांत मशीनची धार सुतासारखी झाली. मृणालनं व्हिडिओ कॉलवर सांगितलं, "आत क्षार जमलेत. काहीतरी आंबट घालून फिरवा."

"हात्तिच्या! तांब्याच्या गडव्याले लावतो तेच ना!" गजूभाऊंनी चिंचेचा कोळ केला आणि टाकीत ओतला.

खालून गरमागरम तपकिरी धार आली. धोटेभाऊंनी कुणाला कळायच्या आत कप लावला, चिमूटभर मीठ टाकलं, गुळाचा खडा टाकला आणि भुरका मारला.

"मृणाल, बेटा, आजवरची सगळ्यात चांगली कॉफी हीच!"

*

दसऱ्याला धोटेभाऊंनी मशीनची पूजा केली. हळदकुंकू, झेंडूचं फूल, अक्षता, सगळं साग्रसंगीत. फक्त टाकीचं झाकण लावायचं राहून गेलं होतं.

रविवारी पंप चालतोय, पाणी येत नाही. मी टाकी काढून उलटी केली. तळाच्या भोकात फुगलेले तांदूळ गच्च बसलेले!

"बाबा, मशीनमध्ये तांदूळ?" मृणाल फोनवर किंचाळली.

"पोट्टे, मी तिले प्रसन्न व्हायले सांगितलं होतं," धोटेभाऊ शांतपणे म्हणाले. "ती जेवाले बसली."

*

शेवटी राहिली वाफेची गळती. सदर बाजारात कुकर दुरुस्त करणाऱ्या एका म्हाताऱ्यानं जुनी रबरी रिंग हातात फिरवून पाहिली आणि मापाची नवी कापून दिली. ती बसवली आणि मशीन जी सुधारली, ती सुधारलीच. गळती नाही, कुरकुर नाही. मी कॉलर ताठ करून घरी आलो.

पुढच्या रविवारी उघडायला काही नव्हतं. साहूजी अभनपूरला शेतावर गेले. गजूभाऊंचे गुडघे दुखले. मीही पेपर वाचत घरीच लोळलो. असे चार रविवार गेले. आपण चांगलं काम केलं की वाईट, हे मला कळेना. मन खात होतं, पण उठून गेलो नाही, हेही खरं.

पाचव्या रविवारी सकाळीच धोटेभाऊंचा फोन आला. "नानाभाऊ, मशीन बिघडली ना! पंप चालून राहिला, पण पाणीच येऊन नाही राहिलं."

पाने-पेचकस अशी हत्यारं घेऊन गेलो. टाकी उलटी केली. तळाच्या भोकात अक्षता. पिवळ्याधमक, कडक, अजून फुगल्याही नव्हत्या. दसरा होऊन पाच महिने झाले होते!

धोटेभाऊ खिडकीतून बाहेर बघत होते.

मी दाणे गुपचूप खिशात टाकले आणि गजूभाऊंना फोन लावला. "साहूजीलेही घेऊन या. काम मोठं आहे."

"किती दिवस लागतील?" धोटेभाऊंनी मागे न वळता विचारलं.

"काही सांगता येत नाही, भाऊ. पूर्ण खोलावी लागते. रविवार-रविवार करून पाहू."

"हव," ते म्हणाले, आणि पोहे भिजवायला उठले.