तिथीबी असंच पडते का?
गावच्या फाट्यावर बसमधून उतरलो आणि मोहफुलांचा गोड, आंबूस वास आला. काही वर्षांपूर्वी अशाच एका पहाटे, फुलं दिसावीत म्हणून पाला जाळून काळ्या केलेल्या जमिनीवर आई वाकून फुलं वेचत होती. मी घाईनं फांदी हलवली. ती म्हणाली, "हालवू नोको बाबू, त्याचा तो पडू दे." मी हसलो. म्हटलं, आम्हा खगोलशास्त्रज्ञांचंही असंच. दूरदूरच्या दीर्घिकांचे नकाशे नुसते पाहायचे आणि गुरुत्वाकर्षणाचा इथला नियम तिथंही चालतो का, ते तपासायचं. "म्हंजे तिथीबी असंच पडते का, थेच ना? समजलं त मले सांगजो." आता समजलंय, आतापर्यंत तरी नियम तोच दिसतो. सांगायला आई नाही. झाडाखालचा पाला यंदा कुणी जाळला नाही. फुलं त्यावरच पडतायत आणि कुजतायत.