शेंदराखालची पाटी

गोदावरीच्या अलीकडे आमचं गाव आणि पलीकडे आमची भाकरी. गावात आम्हाला वावर नव्हतं, बाप मी लहान असतानाच गेलेला. आई पलीकडच्या मळ्यांत खुरपणीला जायची. पावसाळ्यात गूळ करायच्या मोठ्या कढईत, काहिलीत बसून बाया नदी पार करायच्या. नदी चढली की काहील निघत नसे आणि आमची चूल पेटत नसे. असल्या घरातून मी बी.ए. झालो. वस्तीतला पहिला, आणि हे सांगायला मला कसलाही संकोच वाटत नाही.

मी औरंगाबादेला शिकत होतो तेव्हा, सत्तरच्या दशकाच्या मध्यावर, गावातल्या ठेकेदारानं धरणाच्या कामावरची एक परदेशी फायबरची नाव लिलावात घेतली. मोटार वेगळीकडून आणली, पंचवीस हॉर्सपॉवरची. नावेच्या मागच्या फळीवर, मोटार अडकवतात तिथं आतल्या अंगाला, एक चौकोनी पाटी होती. कंपनीनं देवाची जागा राखली असं समजून पूजेच्या दिवशी पुजाऱ्यानं तिच्यावरच शेंदूर थापला. पुढं दर अमावस्येला त्यावर नवा थर चढायचा.

आम्ही धम्म स्वीकारून वीस वर्षं होत आली होती, पण नावेतली आमची जागा कुणी बदलली नव्हती. गाव पुढच्या फळ्यांवर, आमच्या बाया मागं, मोटारीच्या धुरात. नाव भरली की नाही हे जुन्या मापानंच ठरायचं: पुढचा काठ पाण्याच्या वर चार बोटं दिसला की बराबर. मोटारीच्या वजनानं नि जोरानं मागची बाजू किती दबते, हे कुणी बघत नव्हतं. आई कामावर पोचायची ती कमरेपर्यंत भिजून.

निकाल लागल्यावर मी घरी आलो आणि एकदा तिच्यासोबत मागं बसलो. पाणी फळीवरून आत येत होतं. मी नखानं शेंदूर खरवडला. खाली इंग्रजीत लिहिलं होतं: माणसं आठ, मोटार दहा हॉर्सपॉवरपर्यंत. नावेत आम्ही विसाच्या वर होतो.

ठेकेदार स्वतःच मोटार चालवायचा. "काय खरडून राह्यला रे?" त्यानं विचारलं. मी मोठ्यानं वाचून दाखवलं.

"विहिरीवर पाचाच्या जागी दहाचं इंजिन ठिवलं म्हणून विहीर बुडली का कुठं?" तो म्हणाला, आणि पुढच्या फळ्या हसल्या.

पुढून एक म्हातारा बोलला, "शहरात शिकायला गेल्ता. देव खरडायचं शिकून आला."

आई मला म्हणाली, "गप बस बाबा. उद्या मलाच यायचंय ह्या नावंत."

दुसऱ्या दिवशी पाटी गोमूत्रानं धुतली गेली. माझा हात लागला होता ना! वर ताजा शेंदूर आला. आई काठावर गेली तर ठेकेदार म्हणाला, "जागा न्हाई. तुझ्या पोरानंच सांगितलं, आठच माणसं." तिला ठेवून बाकी सगळ्यांना घेऊन नाव निघाली. पाटीवरचा नियम त्या गावात पाळला गेला तो एवढाच, माझ्या आईपुरता. शेवटी तिनं हात जोडले आणि तिला मागची जागा परत मिळाली.

श्रावणात एका संध्याकाळी नाव परत येत होती. काठाजवळ ठेकेदारानं भरधाव मोटार एकदम बंद केली. मागून आलेली नावेचीच लाट फळीवरून आत शिरली आणि मागची बाजू खाली गेली. पुढच्यांनी काठावर उड्या मारल्या, त्यांचे घोटे तेवढे ओले झाले. आईनं काठावरच्या वेलाची मुळी धरली म्हणून ती वाचली. तिच्या शेजारी बसलेली काकू, जिनं माझ्या कॉलेजसाठी आपली गोधडी दिली होती, ती खालच्या गावाच्या वळणाला सापडली.

गावानं कारण लगेच शोधलं. शेंदूर खरडला होता म्हणे, म्हणून नदी कोपली.

पंचनाम्याला तहसिलीचा कारकून आला. नावेवर पाटीबिटी काही नाही, असं ठेकेदार बिनदिक्कत सांगत होता. मी तोंड उघडायच्या आधी आई पुढं झाली. कमरेचं खुरपं काढून तिनं सगळे थर पत्र्यापर्यंत खरवडले. पुजारी ओरडला. तिनं त्याच्याकडं बघितलंही नाही. कारकुनाला म्हणाली, "साहेब, लिहा. वाचता येत नसंल तर माझा पोरगा वाचतो."

मी वाचलं, त्यानं लिहिलं. ठेकेदाराला शिक्षा झाली नाही. काकूच्या घरच्यांना कुणी विचारलंही नाही. पण तहसिलीच्या हुकमानं पंचवीसची मोटार उतरली आणि दहाची बसली. नावेच्या दोन्ही अंगांना मराठीत रंगवलं गेलं: आठ माणसं, आधी येईल तो आधी चढेल. आई पहाटेच काठावर जायची, आणि पुढच्या फळीवर बसून, कोरड्या लुगड्यानं कामाला पोचायची.